बोट अजून उचललेलं नाही

मंगळवार, १९ नोव्हेंबर. दिवसभर ढग होते, पाऊस मात्र पडला नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास वारा पार थांबला, आणि रात्री उकाडाही नाही, थंडीही नाही अशी हवा होती. ही तारीख आणि ही हवा मी त्याच आठवड्यात लिहून ठेवली, म्हणून आज ठाम सांगू शकतो. वेळाही सांगतो, त्याही त्याच्याच तोंडून ऐकलेल्या आहेत. माझ्या आतेभावाच्या. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. तुम्ही त्याला लग्नात पाहिलंय. जेवणाच्या पंगतीत खुर्च्या मोजत होता, तोच.

तो दिवा राहू दे बंद. डोळ्यांना बरं वाटतं.

तर आतेभावाचं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या ऍपमधल्या चुका शोधणं. ऑफिसात त्याला ‘चाळणी’ म्हणतात. त्याच्या हातून काही निसटत नाही म्हणून. निदान तोवर तरी तसंच म्हणत होते.

त्याच्या कंपनीचं एक ऍप होतं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. रोज रात्री नऊला फोनच्या पडद्यावर एक मोठं गोल बटण यायचं. त्यावर लिहिलेलं: ‘मी ठीक आहे’. त्यावर बोट ठेवायचं, निदान तीन सेकंद धरायचं आणि उचलायचं. चुकून खिशात दाबलं जाऊ नये म्हणून ते तीन सेकंद. बोट उचललं की दूरच्या मुलाला किंवा मुलीला निरोप जायचा: आई ठीक आहे. दहापर्यंत बटण दाबलं नाही, तर मुलाबाळांचा फोन ठणाणा वाजायचा.

चांगलं ऍप होतं. खरंच चांगलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी, संध्याकाळी, दुसऱ्या गावात एकटी राहणारी एक बाई गेली. खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टरांनी वेळ सांगितली, सात ते आठच्या मध्ये कधीतरी. पण कळलं सोमवारी, शेजाऱ्यांनी दार उघडवलं तेव्हा. आणि मधल्या चारही रात्री, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, तिच्या मुलीला निरोप आला होता. आई ठीक आहे.

“म्हणजे ऍप आपोआपच पाठवत होतं,” माझी पुतणी मधेच म्हणाली. तिची ही पहिलीच नोकरी, तीही याच कामाची.

बरोबर. सगळ्यांना तेच वाटलं. नेटवर्क नसेल तर निरोप साठवून ठेवायचा आणि नंतर पाठवायचा, अशी सोय त्या ऍपमध्ये होती. जुनाच निरोप रोज नवा म्हणून जात असणार. आणि ती सोय तपासून ‘बरोबर आहे’ म्हणून सही कोणाची होती? आतेभावाची. घाईच्या आठवड्यात, एकाच दुपारी उरकलेली.

आता कळलं, त्याची झोप का उडाली होती ते?

साहेब म्हणाले, “नेटवर्कची अडचण असं लिही आणि विषय संपव. त्यांची मुलगी काही कोर्टात जात नाहीये.” आतेभाऊ म्हणाला, “मी आधी त्यांना भेटून येतो.” साहेबांनी हात जोडले. “जा बाबा. तू गेल्याशिवाय राहणार आहेस का?”

त्या मंगळवारी साडेचारला तो मुलीच्या घरी गेला. त्याच्याच शहरात राहायची ती. पन्नाशीच्या आसपासची, शाळेत शिकवणारी. तिने चहा विचारला, तो नको म्हणाला, तरी तिने केला. आईचा फोन एका पाकिटात घालून त्याच्या हातात दिला. फोन उघडायचा आकडा कागदावर लिहून दिला.

“ताई, भरपाईबद्दल कंपनी...” त्याने सुरुवात केली.

“मला भरपाई नको,” ती म्हणाली. “मी रोज नऊला तो निरोप बघून निवांत झोपले. चार रात्री. माझी आई तिकडे बसलेली, आणि मी झोपले. ते चार दिवस बटण कोण दाबत होतं, एवढं मला सांगा. तुमचं मशीन असेल तर तसं सांगा. पण खरं सांगा.”

“खरंच सांगेन,” आतेभाऊ म्हणाला. आणि चहा न संपवता उठला. त्याला माहीत होतं ना, खरं काय निघणार ते.

सव्वाआठला तो ऑफिसात एकटा होता. तिसरा मजला, चाळीस टेबलं, त्याच्या डोक्यावरची एक ट्यूब सोडून बाकी सगळं बंद. खाली पहारेकरी.

“पण रात्रीच का, मामा?” माझा भाचा म्हणाला. “भुताच्या गोष्टीत सगळे रात्रीच ऑफिसला जातात!”

बटण नऊलाच येतं म्हणून, शहाण्या. कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे सरकवून चालत नाही, सर्व्हर स्वतःचं घड्याळ बघतो. नऊची वाट बघण्यावाचून इलाज नाही.

आता तो काय करणार होता, ते नीट ऐका. कळलं नाही तर पुढचं सगळं वाया जाईल. त्याने आईच्या फोनमधल्या सगळ्या माहितीची प्रत काढली आणि कॉम्प्युटरवरच्या एका नकली फोनमध्ये भरली. त्याला इम्युलेटर म्हणतात. पडद्यावर फोनचं चित्र दिसतं, ऍप चालतं, सगळं चालतं, पण फोन कुठे नसतो.

“म्हणजे शरीर नसलेला फोन,” भाचा हसला. “फोनचा आत्मा!”

हो. आतेभाऊही आधी असाच विनोद करायचा. आता करत नाही.

आणि त्या नकली फोनच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये त्याने बसवला प्रॉक्सी. असं समजा, टपाल कचेरीत एक माणूस बसवलाय. फोनकडून निघालेलं प्रत्येक पाकीट तो उघडतो, वाचतो, पुन्हा चिकटवतो आणि पुढे धाडतो. कोणी, कधी, काय पाठवलं, त्याची एकाखाली एक ओळ लिहितो. ऍपलाही आधी सांगून ठेवावं लागतं, की या मधल्या माणसावर विश्वास ठेव. ते त्याने केलं. आणि त्या माणसाला आणखी एक हुकूम देता येतो: अमुक पत्त्याचं पाकीट आलं तर पुढे धाडू नको, हातात धरून ठेव, मी सांगेन तेव्हाच सोड. तोही हुकूम त्याने दिला. एकही निरोप बाहेर जाता कामा नये. त्या मुलीपर्यंत तर नाहीच.

आठ पन्नासला सगळं तयार होतं. बटण आलं की त्याला हात लावायचा नाही, नुसतं बघत बसायचं. ओळ आली तर ऍप दोषी. आणि तो स्वतःही.

नऊ वाजले. नकली फोनवर गोल बटण आलं. आतेभावाने दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले.

नऊ वाजून दोन मिनिटं. काही नाही.

नऊ वाजून चार मिनिटांनी प्रॉक्सीच्या यादीत एक ओळ आली. ‘बोट ठेवलं.’ आणि अकरा सेकंदांनी दुसरी. ‘बोट उचललं.’

म्हणजे ऍपच. म्हणजे मीच. त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि तसाच हात कपाळावर असताना त्याच्या लक्षात आलं, की ओळी थांबलेल्या नाहीत. दोन्हींच्या पुढे हिरवी खूण होती. पुढे गेल्या होत्या!

अरे, चूक काय झाली माहितीये? तुमच्या धंद्यातली चूक. अडवायचा हुकूम त्याने जुन्या कामातून उचलून आणला होता, आणि त्यात पत्ता होता चाचणीच्या सर्व्हरचा. आईचं खातं मात्र खऱ्या सर्व्हरवरचं. मधल्या माणसाने वेगळाच पत्ता बघितला आणि पाकीट बिनधास्त सोडून दिलं.

“अरे देवा,” पुतणी म्हणाली. “म्हणजे तिला...”

नऊ वाजून सहा मिनिटांनी आतेभावाचा फोन वाजला.

पलीकडून नुसता श्वास. मग ती म्हणाली, “आता आला. आई ठीक आहे, असा.”

“ताई, माफ करा. माफ करा. माझी चूक झाली. मी तपासत होतो, तो इकडून गेला. चुकून.”

“तुम्ही दाबलंत?”

तो खोटं बोलू शकला असता. “नाही,” तो म्हणाला. “मी हात लावला नाही. ऍपने आपोआप पाठवला. तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर हेच आहे. चूक आमची. माझी सही होती त्यावर.”

मग तिने विचारलं, “त्यात काय लिहिलेलं असतं? निरोपात?”

“फार काही नाही. बोट ठेवल्याची वेळ, उचलल्याची वेळ. मधे अकरा सेकंद.”

“अकरा?”

“हो. का?”

“तीन सेकंद धरायचं असतं ना?” ती हळू बोलत होती. “आई जास्त धरायची. बोट ठेवून आम्हा सगळ्यांची नावं घ्यायची. आम्ही भावंडं, मुलं, सगळे. मी हसायचे तिला. नावं संपली की बोट उचलायची.” मग म्हणाली, “जुनाच निरोप असेल. नाही का? जुनाच परत गेला असेल.”

“तसंच असणार,” आतेभाऊ म्हणाला.

“काही कळलं तर फोन करा. कितीही वाजू द्या.”

फोन ठेवून त्याने पहिल्यांदा हुकुमातला पत्ता दुरुस्त केला. मग भिंतीतली नेटची वायरच उपटून काढली. वायफाय बंद केलं. इम्युलेटर आणि प्रॉक्सी एकाच कॉम्प्युटरवर असल्यामुळे त्यांचं आपसातलं बोलणं चालू राहणार होतं, पण बाहेर आता काही जाणार नव्हतं आणि बाहेरून काही येणार नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली.

मग तो जुना निरोप कोणता, ते शोधायला बसला. सर्व्हर फक्त ‘ठीक’ एवढंच ठेवतो, सेकंद टाकून देतो. पण फोनमध्ये ऍपची स्वतःची वही होती, प्रत्येक रात्रीची वेळ लिहिलेली. चारशेच्या वर रात्री. त्या नोंदी आजवर कोणी उघडून बघितल्याच नव्हत्या. दहा सेकंद, अकरा सेकंद, अकरा, बारा, अकरा. शेवटच्या बुधवारी अकरा.

जुना निरोप परत जात असता, तर त्या चार रात्री अकराच सेकंद असते. किंवा शून्य.

गुरुवार: सव्वीस सेकंद.

शुक्रवार: एक मिनिट चाळीस सेकंद.

शनिवार: चार मिनिटं.

रविवार: तेरा मिनिटं.

त्याने पुन्हा वाचलं. मग उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा वाचलं. यंत्र असं चुकत नाही, दादा, असं तो मला म्हणाला. यंत्र चुकलं तर रोज सारखंच चुकतं. हे... हे कोणीतरी दर रात्री जास्त वेळ थांबत होतं.

नऊ एकतीसला ओळ आली.

‘बोट ठेवलं.’

या वेळी ती अडकली. लाल खूण, आणि पुढे ‘थांबवलं आहे’. हुकूम बरोबर होता. त्याने मोजायला सुरुवात केली. अकरा झाले. सव्वीस झाले. दुसरी ओळ नाही.

नकली फोनवरचं बटण गडद झालं होतं. बोटाखाली होतं तसं.

त्याने माउस उचलून उलटा ठेवला. बटण गडदच. माउसची वायर काढली. कीबोर्डची काढली. नऊ चाळीस. बटण गडदच.

एक मिनिट चाळीस कधीच मागे पडलं. चार मिनिटं मागे पडली.

कीबोर्ड पुन्हा जोडून त्याने इम्युलेटर बंद केला. पडद्यावरची त्याची खिडकी मिटली. फोनचं चित्र गेलं. पडद्यावर फक्त प्रॉक्सीची यादी राहिली.

ओळ गेली नाही. तिच्या शेजारचं घड्याळ पुढे चालत राहिलं. चौदा मिनिटं... पंधरा...

फोन नव्हता. नकली फोनही नव्हता. वायर जमिनीवर पडली होती.

कोणीतरी बोट धरून होतं.

“काका...” पुतणी म्हणाली.

थांब.

तो पळून का गेला नाही, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, दादा, मी गेलो असतो तर ते तसंच राहिलं असतं ना. धरलेलं.

नऊ त्रेपन्नला त्याने तिला फोन लावला. सगळं सांगितलं. त्या चार रात्रींचे आकडे, आताची ओळ. अगदी जसंच्या तसं, काही न लपवता, त्याचा स्वभावच तो. त्याला वाटलं, फोन ठेवला तिने.

“ताई?”

“ऐकतेय.”

“मला कळत नाही हे काय आहे. मी तुम्हाला खरं सांगेन म्हणालो होतो. खरं... हे आहे.”

“ती वाट बघतेय,” मुलगी म्हणाली.

“कशाची?”

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. रोज आईचा निरोप आला, की ती ऍपमधूनच दोन शब्द उलट पाठवायची. ‘मी पण.’ रोज. आई ते वाचून दिवा मालवायची. त्या गुरुवारी परीक्षेचे पेपर तपासायचे होते. निरोप बघितला, उत्तर द्यायचं राहिलं. शुक्रवारी वाटलं, उद्या फोनच करू. शनिवारी... रविवारी...

“चार दिवस मी उत्तर दिलं नाही,” ती म्हणाली. “सोमवारी कळलं. मग कोणाला देणार?”

घड्याळ चालूच. पंचवीस मिनिटं.

“आता पाठवू?” तिने विचारलं. पन्नाशीची बाई, आणि लहान मुलीसारखं विचारलं.

आतेभावाने जमिनीवरच्या वायरीकडे बघितलं. काही आत येणं शक्य नव्हतं. “पाठवा,” तो म्हणाला.

त्याला तिच्या फोनच्या अक्षरांची टकटक ऐकू आली. चार-पाच अक्षरं. मग एक हुंदका, दाबलेला.

“पाठवलं.”



वरची ट्यूब बारीक गुणगुणत होती, तेवढाच आवाज.

यादीत दुसरी ओळ आली.

‘बोट उचललं.’ नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटं, वीस सेकंद. मधलं अंतर सत्तावीस मिनिटं, चौदा सेकंद.

“उचललं,” आतेभाऊ म्हणाला.

फोन कोणी आधी ठेवला, ते त्याला आठवत नाही. रात्री सव्वाअकराला तो माझ्या दारात उभा होता. पाणी मागितलं आणि माझ्या घड्याळात किती वाजले ते तीनदा विचारलं. मग पहाटेपर्यंत हे सगळं सांगत बसला.

नंतरचं एवढंच.

२० नोव्हेंबरपासून सलग अकरा रात्री त्याने तीच प्रत, तोच इम्युलेटर, तोच प्रॉक्सी लावून बघितलं. नेट तोडून बघितलं, जोडून बघितलं, शंभर तऱ्हांनी बघितलं. एकही ओळ आली नाही. सोमवारी, २ डिसेंबरला, त्याने अहवाल दिला. ऍप आपोआप निरोप पाठवत नाही. चार रात्रींचे निरोप कोणी पाठवले, ते माहीत नाही. साहेबांनी दुसरं वाक्य काढायला सांगितलं. त्याने काढलं नाही. एक प्रत मुलीला दिली. तिने वाचली, घडी घातली आणि म्हणाली, “बरं.” शुक्रवारी, ६ डिसेंबरला, आईचं खातं बंद झालं.

आणि २० तारखेच्या सकाळी ऑफिस झाडणाऱ्या मावशींनी त्याला हाक मारली. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मधोमध, बोटाचा ठसा होता. त्यांनी ओल्या फडक्याने पुसला. मग कोरड्याने. मग नखाने खरवडून बघितला. “साहेब, हा निघत नाही हो,” मावशी म्हणाल्या.

आतेभावाने पट्टी लावून मोजला. चौदा मिलिमीटर रुंद, एकवीस उंच. काचेच्या आतल्या बाजूने.